विम्याच्या कार्डावरची रिकामी खुर्ची

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एमआयडीसीत मोटारींच्या कॉइली गुंडाळायच्या खात्यात कामाला होते. पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचे पैसे कापले जात आणि त्याबदली आम्हाला एक कार्ड मिळे. ते कार्ड दाखवलं की विम्याच्या दवाखान्यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषधपाणी मिळायचं. कार्डावर सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो चिकटवावा लागे. नाहीतर आमच्या लोकांचा भरवसा काय, अख्खी आळी भाचा-पुतण्या म्हणून इंजेक्शन घ्यायला आली असती.

फोटोला आमचे हे काही आले नाहीत. यांची केडगावात पुणे रस्त्याला रसवंती होती. ऊस श्रीगोंद्याकडचा, घरच्या शेतातला. चरक हातानं फिरवायचा आणि त्याच्या चाकाला घुंगरू बांधलेले, म्हणजे रसवंती सुरू झाली की रस्त्यापलीकडे कळावं. माणूस तसा लाखात एक. लेकीची वेणी घालणारा, मी कामावरून आले की चहाचं आधण ठेवणारा. त्यात काही कमीपणा आहे असं यांना कधी वाटलं नाही. पण विम्याच्या फॉर्मवर ‘कामगारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती’ असे शब्द होते आणि नेमके तेवढेच यांनी वाचले. झालं. बायकोच्या कार्डावर अवलंबून म्हणून बसायला मी काय पांगळा आहे का, असं म्हणून हे जे रसवंतीवर जाऊन बसले ते उठेनातच.

मी लेकीला घेऊन स्टुडिओत गेले. फोटोग्राफरनं दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. साहेब येत नाहीत म्हटल्यावर तो दुसरी खुर्ची उचलायला लागला. मला कुठून राग आला कोण जाणे, मी म्हटलं राहू द्या ती तिथंच. मग फोटो तसाच निघाला: मी, माझ्या मांडीवर लेक, आणि शेजारी रिकामी खुर्ची. विम्याच्या दवाखान्यातल्या खिडकीवरच्या कारकुनांनी तो फोटो उलटसुलट करून पाहिला. खुर्ची कोणाची, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका रुसलेल्या माणसाची आहे. त्यांनी शिक्का मारला.

पुढच्या हिवाळ्यात हे उसाच्या टेम्पोवरून पडले. मोळ्या उतरवताना वरच्या थरावरून पाय घसरला आणि सगळा भार उजव्या कोपरावर आला. खरं तर तेव्हाच डॉक्टर गाठायला हवा होता. पण सासूबाईंच्या माहेरी एक हाडवैद्य होते. लोक बैलगाडीतून, जीपमधून त्यांच्याकडे येत आणि मनगटं, पायाच्या नळ्या जुळवून घेऊन जात. सासूबाईंनी लेकाला तिकडे नेलं. हाडवैद्यांनी लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि घट्ट पट्टी गुंडाळली. मनगटाचं ठीक असतं हो, कोपराची गोष्ट वेगळी. कामट्या सोडल्या तेव्हा सूज उतरली होती, पण हात निम्म्यात अडकला होता. ना पुरता सरळ होईना, ना वाकेना.

विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या वस्तीजवळच राहायच्या. सकाळी फिरायला निघाल्या असताना त्यांनी रस्त्यातच यांचा हात पाहिला आणि साफ सांगितलं. हाड सरकलेल्या जागीच धरायला लागलं आहे. लवकर ऑपरेशन झालं नाही तर हा हात तोंडापर्यंत कधीच जाणार नाही.

हे ऐकून यांचा चेहरा पडला तो मी आजही विसरलेले नाही. कारण आमचे हे म्हणजे जेवणावर जीव असलेला माणूस. पंगतीत बसले की वाढपी मुद्दाम यांच्याच समोर रेंगाळायचे. आणि आता डाव्या हातानं जेवायचं! आमच्याकडे डाव्या हातानं खाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हे भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. लग्नाचं बोलावणं आलं की पोट बिघडलंय म्हणून सांगायचे. ज्या माणसाचं पोट उभ्या जन्मात बिघडलं नव्हतं, त्यानं असं सांगावं याचं मला फार वाईट वाटायचं.

मग मी कार्ड काढलं. मी मोपेडला किक मारली आणि यांना म्हटलं, बसा मागे. गळ्यातल्या पट्ट्यात हात अडकवून, बायकोच्या मागे, भर पुणे रस्त्यानं! ओळखीचा कोणी दिसला की हे मान दुसरीकडे वळवायचे आणि उरलेल्या वेळात मागून मला ‘गाडी डावीकडं घे’ म्हणून शिकवायचे.

दवाखान्यात पहिली अडचण खिडकीवरच आली. कार्डावर यांचा फोटोच नव्हता. त्याच कारकुनांनी चष्मा पुसून फोटो पाहिला आणि म्हणाले, खुर्ची आहे, माणूस नाही. नवा फोटो काढून, मंजूर करून आणायचा तर वेळ जाणार होता आणि हाताला तेवढा वेळ नव्हता. मी डोळ्यांत पाणी आणायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, यांचा पासपोर्ट साइज फोटो आहे का? लायसनसाठी काढलेला एक यांच्या पाकिटात होता. कारकुनांनी कात्री घेतली, फोटोतलं डोकं कडेकडेनं नीट कापलं, खुर्चीवर चिकटवलं आणि निम्मा डोक्यावर, निम्मा खुर्चीवर असा शिक्का मारला. खुर्ची असल्यामुळं सोय झाली, असंही वर म्हणाले.

आता पासपोर्टमधलं डोकं ते केवढं, आणि आमच्या फोटोतली माणसं ती केवढी! खुर्चीवर मोठा भोपळा ठेवावा आणि त्याला मिशा काढाव्यात तसं दिसत होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसले. हेही हसले असते, पण कार्डावर ‘पती, अवलंबून’ असं लिहिलेलं यांनी तेवढ्यात वाचलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून घेतला, चिठ्ठी दिली आणि विम्याची चिठ्ठी घेणारे हाडांचे तीन-चार डॉक्टर तोंडी सांगितले. त्यातले एक पुण्याला निघून गेले होते. एक देवाघरी गेले होते. सावेडीकडच्या एका नव्या, काचेच्या दाराच्या हॉस्पिटलात ‘विमा’ हा शब्द पुरा उच्चारायच्या आत तिथल्या मुलीनं मान हलवली. राहिले स्टेशन रोडचे डॉक्टर. तिथं विमा चालत होता. बाकावर गर्दी होती, पण चालत होता. मी हुश्श केलं आणि लेकीच्या शाळेत निरोप द्यायला फोन करायला बाहेर गेले. तेवढ्यात घोळ झाला.

काउंटरवरच्या बाईंनी कार्ड कोणाचं म्हणून विचारलं, आणि यांनी छाती पुढे काढून माझंच म्हणून सांगितलं. कुठल्या खात्यात काम करता? कॉइलीच्या. कॉइल कशी गुंडाळतात, असं काही त्या बाईंनी विचारलं नाही, नाहीतर चरकात घालून असं हे म्हणाले असते. मग कार्डावर बाईचं नाव कसं? हे म्हणाले, ते चुकून पडलंय. झालं, सगळंच मुसळ केरात. मी परत आले तोवर त्या बाईंची खात्री पटली होती की हे कार्ड दुसऱ्याचं आहे आणि हे डोकं तर उघडच चिकटवलेलं आहे. मी परोपरीनं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या कंपनीचं पत्र आणा, मग बघू. त्यांचंही काही चुकलं नाही. त्या फोटोकडे पाहून कोणालाही तसंच वाटलं असतं.

रस्त्यात माझ्या रागाचा पारा चढला. मी मोपेड एका लिंबाखाली थांबवली आणि खाली उतरले.

“तुम्हाला हात हवाय का तोरा, ते एकदा ठरवा,” मी म्हटलं. “दोन्ही काही ह्या कार्डावर मिळत नाही.”

केडगाव येईपर्यंत मागून ‘डावीकडं घे’ सुद्धा आलं नाही. त्या संध्याकाळी मी ताट वाढलं. एका हातानं भाकरी मोडत नाही, म्हणून मी रोज ती आधीच मोडून, कुणाच्या नजरेला येणार नाही अशी आमटीत टाकून ठेवायची. त्या दिवशी रागानं अख्खी भाकरी ताटात ठेवली. हे तिच्याकडे बघत बसले. मग भिंतीकडचं तोंड फिरवून माझ्याकडे करून बसले आणि म्हणाले, “दे मोडून.” मी भाकरी मोडली. माझा राग कुठल्या कुठे गेला, पण तसं मी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी खात्यात मी ही सगळी कथा सांगितली. कॉइली गुंडाळताना हात कामात असतात आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळं आमच्या खात्याइतकी माहिती कुठल्या कचेरीत नसेल. माझ्या शेजारच्या बाईच्या सासूचं खुब्याचं हाड जुन्या गावातल्या एका डॉक्टरांनी बसवलं होतं. विमा घेतात, फक्त बुधवारी दुपारी, आणि ओरडतात फार, असं ती म्हणाली. ओरडू देत, म्हटलं. घरात एक न बोलणारा आहेच.

बुधवारी सासूबाईही आमच्याबरोबर निघाल्या. त्या रिक्षानं आल्या, आम्ही मोपेडनं. माळीवाड्याच्या पुढे एका गल्लीत उभा जिना चढून गेलं की दवाखाना. हाडं मोडलेल्यांनी एवढा जिना चढायचा कसा, हा प्रश्न तिथं सगळ्यांनाच पडत असावा, कारण जिन्याच्या मध्यावर एक स्टूल ठेवलेलं होतं. आमचा नंबर आला. डॉक्टर पिकल्या केसांचे, जाड भुवयांचे. त्यांनी कोपर दाबून पाहिलं, एक्स-रे उजेडाला धरला आणि पहिला आवाज लावला, हे बांधलं कोणी? सासूबाई छताकडे बघायला लागल्या. पंखा कसा फिरतो हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

मग डॉक्टरांनी हात पुढे केला.

“कार्ड कोणाचं आहे?”

मी पर्समधून कार्ड काढत होते, पण मी काही म्हणायच्या आधी यांनीच तोंड उघडलं.

“हिचं हाय, साहेब,” हे म्हणाले. “ही कंपनीत हाय. मी हिच्या जिवावर.”

एवढं बोलून हे माझ्याकडे पाहायला लागले. बाकावरचे लोक ऐकत होते, सासूबाई ऐकत होत्या. लग्नाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. तोवर मी नवऱ्यावर रागावले होते, हसले होते, त्याच्यासाठी रडलेही होते. पण भरल्या दवाखान्यात, औषधांच्या वासात, मला यांचं जे प्रेम वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी कार्ड उघडलं आणि फोटो पाहिला. आधी त्यांच्या भुवया हलल्या, मग खांदे हलले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. त्यांनी आतून नर्सला बोलावून फोटो दाखवला. हे पण हसायला लागले. हसता हसता हात हलला म्हणून ओरडले, आणि ओरडून पुन्हा हसले. डॉक्टरांनी डोळे पुसून कागद लिहिला. ऑपरेशन करतो, म्हणाले. हाड मी जागेवर बसवीन, पण हात किती वाकणार ते पुढं तुझ्या आळसावर आहे. सगळं खर्चपाणी विम्याच्या चिठ्ठीवर.

ऑपरेशन नीट झालं. पलंगाच्या पायथ्याशी जी पाटी होती तिच्यावर विमेदाराचं म्हणून माझं नाव होतं, त्यामुळं सगळा वॉर्ड यांना माझ्या नावानं ओळखायचा. अमुक बाईंचे मिस्टर, गोळी घ्या. अमुक बाईंचे मिस्टर, कुशीवर व्हा. पहिल्या दिवशी हे दचकायचे. मग ओ द्यायला लागले. श्रीगोंद्याहून भेटायला आलेल्या भावकीला तर यांनी उशाखालून कार्ड काढून दाखवायला सुरुवात केली. आमच्या मंडळींच्या कार्डावर झालं सगळं, असं अशा थाटात सांगायचे की जणू विम्याची कल्पना यांनीच काढली. तो भोपळा पाहून भावकी लोटपोट व्हायची. शेवटी नर्सनं दम दिला की इथं टाके घातलेली माणसं आहेत, त्यांना हसवू नका.

खरी लढाई घरी आल्यावर होती. दुखत होतं फार. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, आणि थोडे दिवस गेल्यावर रिकाम्या चरकाचं चाक हळूहळू फिरवायलाही हरकत नाही म्हणाले होते. ऊस घालायचा नाही, नुसतं चाक. पण चाक फिरलं की घुंगरू वाजणार, आणि घुंगरू वाजले की केडगावला वाटणार रसवंती उघडली. लोक पेले मोजत यायचे. हे दात-ओठ खात चाक फिरवताना त्यांना सांगायचे, रस न्हाई, व्यायाम हाय. काही जण तरीही बाकावर बसून राहायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर रोज येऊन बसायचा नेमच धरला. रस नसला तरी आवाज बरा वाटतो, म्हणायचे.

आणि सकाळी गुळाचा खडा. ही युक्ती सासूबाईंची. हाडवैद्याकडे आपणच नेलं हे त्यांच्या मनाला लागलं होतं; तसं त्या बोलल्या नाहीत, पण रोज आंघोळ झाली की त्या लेकाला समोर बसवायच्या आणि उजव्या हातात गुळाचा खडा द्यायच्या. हात तोंडाशी गेला तर गूळ तुझा, नाही गेला तर नातीचा. हात छातीशी यायचा आणि थांबायचा. गूळ लेकीला जायचा. तिची मजा होती. काही दिवसांनी हात गळ्याशी आला. मग हनुवटीशी आला. हनुवटी ते ओठ म्हणजे किती अंतर, पण तिथं तो हात असा अडला की हलेना. हे लबाडी करून मान खाली घालायचे, तर सासूबाई हनुवटी वर धरायच्या.

“मान न्हाई वाकवायची,” त्या म्हणायच्या. “हात वाकव. मान वाकवून खायला काय ढोर हाईस का?”

पाडवा जवळ आला होता. रस्त्यात रसवंत्या सुरू झाल्या होत्या. त्या सकाळी मी कामावर निघायच्या घाईत डबा भरत होते. मागे काहीच आवाज नाही म्हणून वळून पाहिलं. यांचा हात हनुवटीशी थरथरत होता. कपाळावर घाम. सासूबाईंनी हनुवटी धरलेली आणि त्यांचेही ओठ उघडलेले, लहान पोराला भरवताना आईचे उघडतात तसे. आणि हात वर सरकला. खडा ओठांना लागला आणि आत गेला.

हे डोळे मिटून गूळ चघळत राहिले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. लेक तेवढी चिडली, कारण तिचा गूळ गेला होता. तिच्या रडण्यानं आम्हाला हसू फुटलं, आणि आम्ही तिघं असे हसलो की माझी कंपनीची बस चुकली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. त्या दिवशी दुपारी हे एका लग्नाच्या पंगतीत जाऊन बसले. बोलावणं होतं की नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

पुढं ऐन उन्हाळ्यात, गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असताना, एका दुपारी यांनी रसवंतीला कुलूप लावलं. धुतलेला सदरा घातला, मला रजा काढायला लावली आणि आम्हा सगळ्यांना घेऊन त्याच स्टुडिओत गेले. फोटोग्राफरनं विचारलं, कशाला हवाय? कार्डाला, हे म्हणाले. खरं तर कार्डाला नवा फोटो कोणी मागितला नव्हता. कारकूनसाहेबांचा भोपळा शिक्क्यासकट चालत होता.

फोटोग्राफरनं मला आणि यांना शेजारी शेजारी बसवलं, मागे सासूबाई, पुढे लेक. हात मांडीवर ठेवा, असं तो म्हणाला. त्या काळी आमच्याकडे नवरा-बायको फोटोत असेच बसायचे, दोघांमध्ये वीतभर जागा आणि चेहरे ठाण्यात आणल्यासारखे. यांनी डावा हात मांडीवर ठेवला. उजवा हात उचलला, कोपरात नीट वाकवला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. सासूबाई मागे उभ्या असताना! मला लाजेनं कुठं बघावं कळेना. फोटोग्राफर म्हणाला, काका, हात खाली घ्या.

“ऱ्हाऊ द्या,” हे म्हणाले. “ह्यो हात हिच्या कार्डाचा हाय.”

मागून सासूबाई म्हणाल्या, काढ रे बाबा, तसाच काढ. दिवे लागले. खांद्यावर तो हात जड होता आणि उबदार होता. फोटो निघाला, दिवे विझले, लेक उठून पळाली, तरी यांनी तो लगेच काढला नाही.